पहिला घाणा आईचा

६ जून, शुक्रवार

गिरणीवाल्याशी भांडण! आमची ज्वारी गव्हावर दळू नका, आधी चक्की झाडून घ्या, एवढंच म्हटलं. तर म्हणतो कसा, "वहिनी, इतकं सोवळं काऊन? चिमूटभर गहू गेला पोटात तं काय माणूस मरते?" तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, या आमच्या घरी आणि पाहा. सासूबाईंना — मी त्यांना आईच म्हणते — सावंगीच्या दवाखान्यात सांगून झालंय. गहू बंद, जव बंद. त्यात ग्लुटेन नावाचं काहीतरी असतं, ते त्यांच्या आतड्यांना सोसत नाही. चिमूटभरही नाही! जन्मभर ज्वारीची भाकर खाल्लेली बाई, आणि म्हातारपणी आजार कशाचा, तर गव्हाचा.

आई म्हणाल्या, "रोग बी कसा साहेबाचा लागला पाह्य मले." आणि हसल्या. हसताना आता गालाची हाडं वर येतात.

गिरणीवाला शेवटी वरमला. सकाळी गिरणी उघडली की पहिलं दळण आमचं, असं ठरलं.

७ जून

हिंगात मैदा असतो!! डबीवर बारीक अक्षरात लिहिलंय. इतकी वर्षं कोण वाचतं? डबी उकिरड्यावर.

१५ जून, रविवार

आईंना पुन्हा जुलाब. कालपासून नुसता भात आणि ताक.

मी काय करायचं ठेवलंय आता? तवा वेगळा, परात वेगळी, झारासुद्धा वेगळा. घरात पोळी करणंच बंद केलं. बिस्किटं गेली, शेवया गेल्या, रवा गेला. तरी शेजारपाजारी कुजबुज — सून खायला घालत नाही म्हणून कोकिळाबाई वाळली. ऐकून घेते! एक दिवस ऐकवीनही.

भजी मात्र बंद करवत नाहीत. आमचं दुकान जाम गावच्या चौकात, घर त्याच्याच मागे. चार वाजता कढई तापली की पहिला घाणा आईचा. देवाला नाही, गिऱ्हाइकाला नाही, आधी आईला. हे स्वतः कागदावर गरम भजी घेऊन येतात आणि आईंचं खाऊन होईपर्यंत समोर उभे राहतात. "कसे झाले वं माय?" रोज तोच प्रश्न. "झकास," रोज तेच उत्तर. दिवसभरात मायलेकांचं बोलणं म्हणजे तेवढंच, पण ते चुकलेलं मी पाहिलं नाही.

भज्यांत गव्हाचा संबंध नाही. मी शपथ घालून विचारलं यांना. बेसन आणि तांदळाचं पीठ. पीठ भिजवून घोळ कसा करतात ते मात्र मलाही दाखवत नाहीत, पडदा ओढून घेतात! लग्नाआधी गोव्याला हॉटेलात होते, तिथली विद्या म्हणे. "माहा फार्मुला हाये तो." असो बापडा. नागपूर-चंद्रपूरच्या बसमधले लोक ड्रायव्हरला थांबायला लावून आमची भजी घेतात, एवढं खरं. एवढी कुरकुरीत भजी मी रोहण्याला माहेरी कधी खाल्ली नाहीत, आणि माझी आई सुगरण होती.

२३ जून

आई न्हाणीत बसकण मारून बसल्या. उठवायला हात घातला तर हाताला वजनच लागलं नाही. मी रडले. त्यांनीच माझे डोळे पुसले. ओल्या हातानं.

४ जुलै, शुक्रवार

सावंगीला गेलो, तिघेही. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. रक्त आणखी कमी झालंय. म्हणाल्या, "पोटात काहीतरी जातंय. तुम्हाला न कळता. आठवून पाहा." मी सगळं सांगितलं, अगदी हिंगासकट. त्यांनी शाबासकी दिली. मग एकेक विचारत गेल्या. बाहेरचा मसाला? नाही. मुलांच्या दुधात घालायची माल्टची पावडर? नाही. "बिअर वगैरे कधी?"

अरे देवा! आई खुर्चीतून उठल्याच. "बिअर? मले इचारता? बाई, मी मटके फोडले! ह्या हातानं!"

डॉक्टरबाईंना काय माहीत. सासरे दारूपायी गेले. नावाला दारूबंदीचा जिल्हा, पण त्यांना रोज मिळायची. ते गेल्यावर आईंनी बायका गोळा केल्या. आई आणि पंचफुलाबाई, दोघी पुढे. हातभट्टीचा एक मटका शिल्लक ठेवला नाही. म्हातारी माणसं अजून त्यांना मटकेफोडी कोकिळाबाई म्हणतात. महिला मंडळ आता पंचफुलाबाई चालवतात, पण आईंचं नाव काढल्याशिवाय तिथं पानही हलत नाही.

"रागावू नका आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "बिअर जवापासून होते, म्हणून विचारावं लागतं. तळा, शिजवा, काही करा, जव तो जवच." आई बसल्या, पण धुसफुसत. मी पदरात तोंड घालून हसू दाबत होते. हे पंख्याकडे पाहत होते.

६ जुलै

काय जातंय पोटात? झोपेतही तेच. मीठ? गूळ? देवळातला प्रसाद? आज सगळे डबे घासले.

चारला हे भजी घेऊन आले. आईंनी कागद हातात धरला आणि किती तरी वेळ नुसता धरून बसल्या. "खा ना वं माय, गरम हाये." खाल्ली मग सगळी. "झकास." मला वाटलं, आता भूकही मेली यांची.

९ जुलै, बुधवार

सापडलं.

 हे हिंगणघाटला बाजाराला गेले होते. लिंबं हवी होती म्हणून मी दुकानातला फ्रीज उघडला. मागे, बर्फाच्या पिशवीआड एक प्लास्टिकचा कॅन. वर यांच्या अक्षरात लिहिलेलं — सोडा. सोड्याला कॅन कशाला? झाकण काढलं. वास!! मामेभावाच्या लग्नात, नागपूरला, वरातीतल्या पोरांनी माझ्या नव्या साडीवर सांडली होती. तो वास मी जन्मात विसरणार नाही.

बिअर. मटकेफोडी कोकिळाबाईंच्या घरात!

पहिलं मनात आलं ते हेच, लाज वाटते लिहायला. जव नंतर आठवला. आठवला तशी तिथंच बटाट्याच्या पोत्यावर बसले. पडद्याआडचा तो फार्मुला! रोज चार वाजता. पहिला घाणा. मी डब्यांमागे धावतेय, गिरणीवाल्याला फाडून खातेय, आणि माझ्या नाकासमोरून, गरम गरम, कागदात गुंडाळून...

१० जुलै, गुरुवार

आई शेजारी भजनाला गेल्या तेव्हा यांना धरलं. रागात असले की मी यांना चंदनराव म्हणते. "चंदनराव, हा सोडा कुठल्या विहिरीचा?"

आधी उगाच कढई पुसत बसले. मग सुरू झाले. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडून ओळखीचा ट्रकवाला आणून देतो म्हणे. गोव्याला असाच घोळ करायचे, त्याच्याशिवाय ती कुरकुर येत नाही म्हणे. "अन् तेलात सारं उडून जाते ना! नशा राह्यते का? मी काय मायले दारू पाजून राह्यलो?"

"नशा उडते! जव उडते का?"

"जव?"

खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंच्या तोंडून बिअर हा शब्द निघाला आणि यांचे कान बंद झाले. आई उठून उभ्या राहिल्या, त्यापुढचं यांनी काही ऐकलंच नाही! मी सगळं पुन्हा सांगितलं. हे तेलाच्या डब्यावर बसले. "म्हंजे मी तिले... रोज... माह्या हातानं..." आणि मग रडले. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन. मी चांगलं झोडपायच्या तयारीनं आले होते. पण डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार!

कॅन नालीत ओतला. दोघांनी मिळून.

मग म्हणाले, "मायले सांगू नको मोहिनी. बापानं दारूत घर बुडवलं, अन् पोरानं तीच घरात आणली असं होईन. ती माह्या हातचं पाणी पिनार नाई पुन्हा."

कबूल केलं.  आईंशी मी आजवर खोटं बोललेली नाही, साधं दूध उतू गेलेलंही लपवलं नाही. आणि आता हे.

१४ जुलै, सोमवार

बिअरच्या जागी काय घालायचं? भजी बंद केली तर आई विचारणार, काऊन? नुसत्या पाण्यात केली तर गिऱ्हाईक विचारणार. काल खाऱ्या सोड्याची बाटली फोडून घातली. फुगली, आणि कागदावर पडताच बसली. परवा ताक. मऊ! ताकातली भजी की ढोकळा? आज फ्रूट सॉल्ट घातलं तर सगळी साबणासारखी लागली. एक ट्रकवाला म्हणाला, "सेठ, भजे काऊन झोपले आज?" हे माझ्याकडे पाहतात, जशी काही मीच झोपवली.

मोबाइलवर शोधलं. परदेशात म्हणे बिनग्लुटेनची बिअर मिळते, तीच घाला. वा! इथं ग्लुटेनवाली आणणं गुन्हा, बिनग्लुटेनची मी कुठून उपटू?

एक कळलं मात्र. हवं काय ते — गार हवं, झोंबरं हवं, आंबट हवं, आणि मागून थोडं कडू.

आईंनी सगळ्या प्रकारची भजी खाल्ली. "झकास." साबणवालीसुद्धा झकास!

२१ जुलै, सोमवार

आईंचं पोट आठवडाभर शांत. शांत!! देवापुढे साखर ठेवली.

दुपारी पोर्चमध्ये कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, "काय करून राह्यली तू रोज कढईपाशी? चंदन बी तोंड पाडून हाये." म्हटलं, बेसन बदललंय, घोळ जमत नाही. खोटं नंबर एक. त्यांनी दोन काड्या निवडल्या आणि म्हणाल्या, "आंबील घाल."

आंबील? ती तर महालक्ष्म्यांची! भाद्रपदात नैवेद्याला करतो ती, ज्वारीच्या पिठाची.

"तशीच. पण शिजवू नको. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून मटक्यात ठेव दोन-तीन दिवस. बुडबुडे आले का वरचं पाणी काढून घे, गारेगार कर, अन् त्याच्यात घोळ भिजव. तांदळाचं पीठ जरा जास्त." मग आणखी एक काडी निवडून, "अन् मेथीदाणा भाजून टाकजो त्या पाण्यात. मांगून कडसर आलं पाह्यजे."

भज्याला कडसर कशाला, हे मला विचारायला सुचलं नाही. इतका आनंद झाला होता. ज्वारी! आईंना चालणारी, घरची, आपल्याच मटक्यातली. डोकं फोडत होते मी मोबाइलवर!

२५ जुलै, शुक्रवार

कुरकुर!!! हे पहिलं भजं तोंडात टाकून डोळे मिटून उभे राहिले. मग दुसरं खाल्लं. मग मला म्हणाले, "गोव्याले गेलोच काऊन मी?"

पहिला घाणा आईचा. आज मी पण सोबत गेले. आईंनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं. "झकास," म्हणाल्या आणि आज पुढे आणखी एक शब्द, "खरंच."

२ ऑगस्ट

आई चौकापर्यंत चालत गेल्या. काठी घरी.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते आठवून हसावं की रडावं!

मटका मी मागच्या अंगणात ठेवते, पेंढ्यावर, वर फडकं. दमट हवा, त्यामुळे वास सुटतो — आंबूस, नाकात चढणारा. दुपारी गलका ऐकू आला. पाहते तर पंचफुलाबाई, मागे मंडळाच्या बायका, हातात काठ्या! कुणीतरी जाऊन सांगितलं होतं, कोकिळाबाईच्या सुनेनं हातभट्टी लावली म्हणून.

"सरक वं बाजूले," पंचफुलाबाई मला म्हणाल्या, "कोकिळाचं घर असो का कलेक्टरचं, मटका फुटनच." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. जिवाभावाच्या मैत्रिणीच्या दारात काठी घेऊन यायचं म्हणजे काय!

 आंबील म्हणून ओरडायचं तर भीती, की पुढचा प्रश्न येईल, आंबील दुकानाला कशाला? आणि त्यापुढचा, आधी काय घालत होते? हे दुकानाच्या दारात, पांढरेफटक.

आई आतून आल्या. दीड महिन्यापूर्वी ज्या बाईला मी न्हाणीतून उचललं, ती पदर खोचून मटक्यापुढे उभी! "फोड, पंचफुला. पण पयले चाखून पाह्य. आपण चाखल्याबिगर एक बी मटका फोडला नाई, इसरली का?"

हे मला नवीनच! दोघी चाखून फोडायच्या? पंचफुलाबाईंनी फडकं सारलं, ओंजळ बुडवली, घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं. पुन्हा घेतला. "अवं माय! ही तं आंबील!" आणि काठी टाकून खालीच बसल्या हसत. सगळ्या बायका हसायला लागल्या. आईंनी सगळ्यांना भजी खाऊ घातली, यांना घाणे काढता काढता घाम फुटला.

जाताना पंचफुलाबाई आईंना म्हणाल्या, "इतक्या सालात तुह्या मांगच्या अंगणात आज पयलांदा आलो आमी. तू येऊच देत नव्हती. माह्या घरचं मी पाहून घेतो म्हने." आई म्हणाल्या, "पाह्यलं ना मग." आणि पानाचा डबा पुढे केला.

मानी आहेत माझ्या सासूबाई. आपल्या घराची झडती दुसऱ्यानं का घ्यावी? बरोबरच आहे.

२० ऑगस्ट

हे म्हणाले, सांगून टाकू का मायले? मी म्हटलं, महालक्ष्म्या होऊ द्या. धीर दोघांनाही नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या जेवल्या. आईंनी या वर्षी स्वतः बसून सोळा भाज्या चिरल्या. मला विळीला हात लावू दिला नाही! पुरणपोळी देवीला, तीही शेजारून करून आणलेली; आंबील आईला. पंचफुलाबाईंना जेवायला बोलावलं होतं. त्यांच्यात महालक्ष्म्या नाहीत, पण आईंना खेटून बसल्या आणि आंबील मागून मागून प्याल्या. "हा मटका मातर नाई फोडत आता," म्हणाल्या.

संध्याकाळी यांनी आईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. वाटलं, आता सांगतात. आईंनी केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ऊठ, गिऱ्हाईक खोळंबलं असन." उठले. राहिलंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

सावंगी. रक्त वाढलं, वजन वाढलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, कमाल केली! काय सापडलं मग? कशातून जात होतं?"

मी उत्तर जुळवतच होते. आई यांना म्हणाल्या, "चंदन, बाटलीभर पाणी आण रे, घसा सुकला." हे गेले. दार लागलं. आई डॉक्टरबाईंकडे वळल्या.

"बिअर होती बाई. भज्यात. मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. जिचा नवरा जिंदगीभर पिऊन घरी आला, तिले वास नाई समजन का?"



"मग त्या दिवशी का नाही सांगितलं, आजी?"

"पोरगा बाजूले बसला होता."

"आणि मी जवाचं सांगितल्यावरही खाल्लीत?"

"चार-पाच दिवस. तो समोर उभा राह्यते ना बाई, खाईपर्यंत." पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्याचा बाप आला का माह्या पुढचं ताट भिरकावे. अन् हा पोरगा पयला घाणा मले आणून देते. त्याले नाई कसं म्हणू?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. माझी तर मान वर होईना.

दार उघडलं. हे बाटली घेऊन आले, धापा टाकत. "काय म्हणे डाक्टर? काय होतं?"

आई पाणी प्याल्या. तोंड पुसलं.

"हिंग," म्हणाल्या. "हिंगात मैदा असते म्हणे."